तिसरं नाव

गेल्या महिन्यात भाईंदर पश्चिमेच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. विषय होता निसर्गसंवर्धनातल्या करिअरचा. मी स्लाइड्स करून नेल्या होत्या. कुठला कोर्स, कुठली परीक्षा, किती धावावं लागतं, मुलाखतीत काय विचारतात. सगळं नीट चाललं होतं. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या लाइनमध्ये सगळ्यात कठीण काय असतं? म्हणजे ऊन, चिखल, साप वगैरे सोडून."

मी तोंड उघडलं आणि गप्पच झाले. इतका वेळ, की माइक बंद पडला असं वाटून एक सर धावत आले. मी त्या मुलीला काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. ते उत्तर म्हणजे एक बाई आहे. जयवंती काशिनाथ भोईर, वनरक्षक.

बॉटनीत बी.एस्सी. झाल्यावर मला खाडीकाठच्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, पाहणीत सहायक म्हणून कंत्राटी काम मिळालं. आम्ही लालबागहून बेव्हर्ली पार्कात राहायला आलेलो. माझ्या बाबांना 'वनखातं' म्हटलं की सागाचं जंगल आणि बिबटे दिसायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी गळ्यात मामाची दुर्बीण अडकवून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हजर झाले.

जयवंतीताई चौकीच्या पायरीवर बसून ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होत्या. पंचेचाळिशीच्या आसपास, सावळ्या, हाडं रुंद, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी आधी माझे बूट पाहिले, मग दुर्बीण.

"पक्षी बघाला आयलीस का काम कराला?"

मी म्हटलं, "काम करायला, मॅडम."

"मॅडम साहेबलोकांना बोलायचा. मना ताई बोल." आणि त्यांनी कोपऱ्यातले पुरुषी मापाचे गमबूट माझ्यापुढे सरकवले.

अर्ध्या तासात मी खाडीत गुडघाभर रुतले होते. पाय वर ओढला की बूट खाली राहायचा. मी घाबरून धडपडायला लागले. ताई चार हातांवर उभ्या होत्या, पण पुढे आल्या नाहीत. माझा विश्वासच बसेना. ही बाई मला बुडताना बघत उभी राहणार?

"घाई करू नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "चिखल घाईला धरतो. टाच आदी हलव, मंग बोटं."

मी कशीबशी बाहेर आले, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आता लिव. किती वाजता, कुटं, किती खोल. लिवला न्हाय ता घडला न्हाय."

लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. त्यांच्या शर्टाच्या बटणाला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असायची, कारण खाऱ्या हवेत शाई पसरते. साहेबांशी त्या शुद्ध मराठीत बोलायच्या, डंपरवाल्यांशी खणखणीत हिंदीत, आणि चिखलात उतरल्या की आपल्या गावच्या बोलीत. हे तिन्ही त्या एका मिनिटात बदलायच्या.

त्यांच्या डोक्यात भाईंदरचा एक वेगळाच नकाशा होता. रिक्षात बसल्या की म्हणायच्या, "मधल्या कोंडीला चल." रिक्षावाला बिचारा आझमगढचा. तो मागे वळून विचारायचा, "किधर, मैडम?" मग त्या उसासा टाकून सांगायच्या, "वो नीला काचवाला टॉवर है ना, उसके नीचे." तो टॉवर उभा राहिला त्याआधी तिथे मिठागर होतं आणि त्या मिठागराच्या प्रत्येक कोंडीला, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्याला, नाव होतं. ती नावं ताईंना पाठ होती. त्यांचे वडील मिठागरात काम करायचे आणि खाडीकाठी त्यांची स्वतःचीही थोडी आगराची जमीन होती.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. उत्तनच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गावात त्या राहायच्या. पुढच्या खोल्यांत थोरला भाऊ हिरामण आणि त्याचं कुटुंब, मागच्या खोलीत ताई आणि त्यांची आई. स्वतःबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, तीही डबा खाताना, तांदळाच्या भाकरीचा तुकडा सुकटीत बुडवत. वनरक्षकाच्या भरतीसाठी धावण्याची परीक्षा होती. गावात पोरगी धावते म्हणून लोक हसायचे. तेव्हा हिरामणदादा पहाटे मिठागराच्या बांधावर त्यांच्यापुढे सायकल चालवायचा, हातात कुणाचं तरी मागून आणलेलं घड्याळ घेऊन.

"मी दमून बसली का तो बोलायचा, जयू, मागं कुत्रा लागलाय समज," ताई म्हणाल्या. "नोकरी लागली तवा सगल्या गावात पेढं त्यानं वाटलं."

एका सकाळी दहाच्या सुमारास चौकीत फोन आला. बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीत लांडगा शिरलाय म्हणून. आम्ही पोचलो तर गेटबाहेर ही गर्दी, सगळ्यांचे मोबाइल वर. पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, एक कोल्हा होता. हो, आपल्या खाडीत कोल्हे आहेत. त्याचं डोकं प्लॅस्टिकच्या बरणीत अडकलं होतं. बरणी आतून धुरकटली होती. तो भिंतीवर डोकं आपटत होता आणि प्रत्येक आपटीला गर्दीतून "ओऽऽ" असा आवाज निघत होता.

प्राणी सोडवणाऱ्या पथकाला ताईंनी फोन लावला. ते काशीमीऱ्याला ट्रकांच्या जॅममध्ये अडकले होते. अजून तासभर लागेल म्हणाले.

"ताससुद्धा न्हाय याच्याकडं," ताई म्हणाल्या. त्यांनी वॉचमनकडून ओलं गोणपाट मागवलं, खालच्या पत्र्याच्या दुकानातून जाडी कात्री. मला म्हणाल्या, "गेट लाव. एकानं जरी शिटी मारली तरी आत घे त्याला, माज्याबरोबर बसव."

मग त्या त्या फटीत ओणव्यानं शिरल्या. गोणपाट टाकलं, गुडघ्यानं त्याला दाबलं आणि बरणीची कड कापायला लागल्या. बरणी तडकली त्या क्षणी कोल्ह्यानं त्यांच्या मनगटाच्या वर दात रुतवले. त्यांनी हाताला हिसका दिला नाही. त्यांनी थांबून, श्वास सोडून, दुसऱ्या हातानं गोणपाट उचललं. कोल्हा सुटला, भिंतीवरून उडी मारून मागच्या तिवरांत नाहीसा झाला.

टाळ्या वाजल्या. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. कुणीतरी ऑफिसातून शाल आणि नारळ आणला. ताईंच्या कोपरावरून रक्त ठिबकत होतं आणि त्या सेक्रेटरींना विचारत होत्या, "तुमच्या बी विंगमध्ये लाद्या बदलायचं काम चाललंय ना?"

"हो, म्हणजे... का?"

"जुन्या लाद्या कुठे गेल्या?"

"ते कॉन्ट्रॅक्टर बघतो, मॅडम. आम्हाला काय माहीत?"

ताईंनी चांगल्या हातानं खिशातून लादीचा एक तुकडा काढला. पिवळ्या जमिनीवर तपकिरी फूल. तसंच फूल शेजारच्या जिन्याच्या पायरीवर अजून शिल्लक होतं. आदल्या आठवड्यात खाडीतल्या भरावात सापडलेला तो तुकडा त्या चार दिवस खिशात घेऊन फिरत होत्या, हे मलाही माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं, हे चालत नाही, साहेब. जागा तुमची, लादी तुमची. त्या कोल्ह्याच्या घरात ती पडली म्हणून तो तुमच्या घरात आला." मग त्यांनी नारळ घेतला, शाल परत केली आणि मला नोटिशीसाठी सेक्रेटरींचं पूर्ण नाव लिहून घ्यायला सांगितलं. दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला त्या गेल्या त्या त्यानंतर.

हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते समजायला 'माहीत नव्हतं हे चालत नाही' हे वाक्य लक्षात असलं पाहिजे. ताई ते सगळ्यांना ऐकवायच्या. डंपरवाल्यांना, बिल्डरच्या मॅनेजरला, एकदा तर एका नगरसेवकाच्या मेव्हण्यालाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, आम्ही ताईंच्याच गावामागच्या बांधावरून पाहणी करत चाललो होतो. पावसाळाभर त्या बाजूची पाहणी झाली नव्हती. ओहोटी होती. एका जागी ताई थांबल्या. समोर तिवरांचा मोठा पट्टा होता, एकही फांदी तुटलेली नव्हती, पण पानं सगळी पिवळी. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, श्वास घ्यायला. ताईंनी वाकून एक मूळ मोडलं. आत काळं.

"पानी न्हाय," त्या म्हणाल्या. "कोनीतरी पानी बंद केलाय."

तिवर मारायचा हा सगळ्यात हुशार मार्ग आहे. कुऱ्हाड लागत नाही, आवाज होत नाही. भरतीचं पाणी जिथून येतं ती वाट बुजवायची आणि सहा महिने घरी बसायचं. झाडं आपोआप मरतात, मग 'इथे काही नव्हतंच' म्हणता येतं.

आम्ही ओढ्याच्या कडेनं वर गेलो. बांधाखालून जाणाऱ्या मोरीचं तोंड सिमेंटच्या गोण्यांनी ठासून भरलं होतं. त्याच्या पलीकडे भराव. विटांचे तुकडे, लाद्या, वर लाल माती अंथरून सपाट केलेली. चार कोपऱ्यांत बांबू, बांबूंना सुतळी. कुणीतरी मोजमाप करून गेलं होतं.

ताईंनी एका बांबूला हात लावला. मग म्हणाल्या, "ही आमची."

मला वाटलं, आमची म्हणजे त्यांच्या हद्दीतली. मी वही उघडली.

"आमच्या बाची," त्या म्हणाल्या.

बांधाच्या पलीकडे एक म्हातारी वाळत घातलेला जवळा गोळा करत होती. ताईंनी तिला विचारलं, "काकी, हा भराव कोनी टाकला?"

म्हातारी चकित होऊन बघत राहिली. "कोनी म्हंजे? हिरामननं. तुना माहीत न्हाय?"

मी ताईंना कामाच्या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या बसल्या. बांधावर, ओल्या मातीत, तशाच. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले होते, जमीन हलत असल्यासारखे. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांना दिसली नाही. म्हातारी आपली टोपली उचलून भराभरा निघून गेली. मग ताई उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फोटो घे. मोरीचा आदी."

मी फोटो घेतले, मोबाइलवर जागेच्या नोंदी घेतल्या. ताई म्हणाल्या, "आता सर्वे नंबर टाक आनि सातबारा बघ. नोटीस मालकाच्या नावानं जाते."

मी सातबारा उघडला. उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हता म्हणून ओढणीची सावली धरली.

"वाच."

"पार्वतीबाई काशिनाथ भोईर."

"आय."

"हिरामण काशिनाथ भोईर."

"हं."

तिसरी ओळ मी मनात वाचली आणि थांबले.

"वाच ना."

"ताई..."

"गौरी, वाच."

"जयवंती काशिनाथ भोईर."

बांधावर वारा होता, सुतळी फडफडत होती, एवढंच मला आठवतं. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला, जवळ धरला, लांब धरला. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली तेव्हा मुलीचंही नाव लागलं होतं. त्यांना ते साधारण ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत कागद डोळ्यांनी पाहिला नव्हता. हिरामणदादानं दोन-तीनदा हक्कसोडपत्राची गोष्ट काढली होती, बहिणी भावाला सही देतात तसं. ताईंनी दरवेळी 'बघू मंग' म्हणून टाळलं होतं. त्यांना त्या जमिनीतून काही नको होतं. "बाच्या जागेत माझा एक पाय असू दे, एवढाच," असं त्या मला नंतर म्हणाल्या.

ती सही त्यांनी दिली असती तर त्या सुटल्या असत्या.

चौकीत परत आल्यावर त्यांनी अहवालाचा फॉर्म पुढे ओढला. जमीनधारकांचा रकाना. आईचं नाव लिहिलं. भावाचं नाव लिहिलं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

"ताई, बस झालं. तुम्ही कुठे काय केलंय?"

"मी केला न्हाय. जागा माजी हाय."

"पण तुम्हाला माहीतच नव्हतं!"

त्यांनी मान वर केली. रागानं नाही. फक्त बघत राहिल्या माझ्याकडे, आणि मी काय बोलून बसले ते मला कळलं.

त्यांनी तिसरं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, शाळेच्या पाटीवरच्यासारखं गोल. मग पान उलटलं आणि खाली, 'अहवाल सादर करणार' या ओळीवर, तेच नाव पुन्हा लिहून सही केली. एकाच कागदावर तेच नाव दोनदा. एकदा गुन्ह्याच्या बाजूला, एकदा सरकारच्या. या कामात मी नंतर पुष्कळ कागद पाहिले. असा दुसरा पाहिला नाही.

आमचे आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल साहेब, भले माणूस होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"भोईर मॅडम, तुम्हाला कळतंय का? याच्यावर तुमची चौकशी लागेल. नोकरीवर येईल."

"हो, सर."

"आधी भावाला हक्कसोड करून द्या. मग आपण हा अहवाल पाठवू. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

"पाहणीची तारीख आजची आहे, सर. ती खोटी पडेल."

साहेबांनी खाली आपली सही केली. मग त्यांनी कागद पुढे पाठवला. आठवडाभरात ताईंचं खाडीवरचं काम काढून घेतलं. त्यांना ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. सकाळी कडक इस्त्रीचा खाकी गणवेश घालून त्या यायच्या आणि दिवसभर पाकिटांवर क्रमांक टाकायच्या. तोंडातून एक तक्रारीचा शब्द नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आणि संध्याकाळी त्या त्याच घरी जायच्या. आपल्या आईच्या आणि भावाच्या विरुद्ध अहवाल लिहिणारी बाई रोज त्याच उंबऱ्यातून आत जायची. वहिनीनं बोलणं टाकलं होतं. गावात बायका विहिरीपाशी पाठ फिरवायच्या. नोटीस घरी पोचली त्या दिवसाबद्दल ताईंनी एवढंच सांगितलं, की आईनं ती नातवाकडून वाचून घेतली, घडी करून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आणि दोघांना जेवायला वाढलं. एकाला पुढच्या खोलीत, एकीला मागच्या.

मग एक दिवस दुपारी हिरामणदादा ऑफिसात आले.

मी त्यांना गणपतीत ताईंच्या घरी भेटले होते. मला आग्रह करकरून मोदक वाढणारा, पोट सुटलेला, हसरा माणूस. आता ते व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मला वाटलं, आता भांडण होणार, शिव्या होणार. मी पाणी द्यायच्या निमित्तानं दारात उभी राहिले.

"जयू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कागद करून आनलाय. हक्कसोडाचा. मागच्या वर्षाची तारीख टाकून देतो बोललाय एक जन. तू सही कर. तुजा नाव निघल, तुजी नोकरी वाचल."

मी चाट पडले. हा माणूस स्वतःला वाचवायला आलाच नव्हता.

"आनि तुजा काय?" ताईंनी विचारलं.

"माज्यावर होऊं दे काय होयाचा तो. आयचा मी बघतो."

ताईंनी पिशवीला हात लावला नाही. "दादा, माज्यासाठी तू खोटा बोलशील, हे मना माहीत हाय. पन भराव टाकताना मना सांगितला का न्हाय?"

हिरामणदादा पिशवीची गाठ चाळवत म्हणाले, "मीठ गेला, भात गेला. आजूबाजूच्या सगल्यांनी भरून घेतला. पोरांसाठी चार गाळं काढावं बोललो. दुसरा काय हाय आपल्याकडं?"

"मना सांगितला का न्हाय?"

"सांगितला असता तर तू लिवला असतास."

"मंग?"

ते हसले. खरंच हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की मी आत निघून आले. परत आले तेव्हा बाक रिकामा होता आणि ताई टेबलावर पाकिटांना क्रमांक घालत होत्या. एका पाकिटावर त्यांनी तोच क्रमांक दोनदा टाकला होता. कोल्ह्यानं चावा घेतला तेव्हाही न चुकलेला हात.

चौकशी चालली, जबाब झाले. म्हातारीनं, पार्वतीबाईनं, जबाबात काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण तो मीच टाइप केला. "जागा तिघांची. पोरग्यानं भराव टाकला तो खरा. पोरीनं लिवला तो पन खरा. दोघं माजीच." साहेब म्हणाले, यातलं शेवटचं वाक्य कामाचं नाही. पण खोडायला त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी आदेश आला. जमीनधारकांनी ठरलेल्या मुदतीत स्वतः भराव काढावा, मोरी मोकळी करावी, खात्यानं देखरेख करावी. खटला वेगळा चालू राहील. त्याच आठवड्यात ताईंची बदलीही आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेत. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नव्हता, पण ज्या खाडीकाठी आपली जमीन आहे तिथे नेमणूक नको, असं वरचं म्हणणं होतं. ते चूक होतं असंही म्हणता येत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. ओहोटीची वेळ धरून आम्ही बांधावर पोचलो. साहेब, मी, आणखी दोघं. देखरेख म्हणजे आता माझ्याकडे वही आणि कॅमेरा होता. जेसीबीनं आदल्या दोन दिवसांत वरचा भराव उचलला होता. मोरी मात्र जुनी, दगडी. यंत्र लावलं असतं तर बांधच ढासळला असता. ती हातानंच उकलायची होती. हिरामणदादा दोन मजुरांना घेऊन कमरेइतक्या खड्ड्यात उतरले होते. म्हातारी पार्वतीबाई वर बांधावर छत्री धरून बसली होती.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं ताई आल्या. खाडीवर त्यांना मी आजवर खाकीतच पाहिलं होतं. त्या दिवशी अंगावर विटकी हिरवी साडी, काष्टा घट्ट मारलेला, खांद्यावर फावडं. साहेब गडबडले.

"भोईर मॅडम, तुम्ही इथे... तुमची तर बदली..."

"रजा टाकली आहे, सर. आदेशात जमीनधारकांनी काढावा असं आहे." त्यांनी चपला बांधावर काढल्या. "तिसरी धारक मी आहे."

त्या खड्ड्यात उतरल्या. हिरामणदादांनी मान वर केली नाही, पण सरकून जागा दिली.

दोन तास त्या दोघांनी गोण्या उपसल्या. सिमेंट आत दगड झालं होतं. एकेक गोण पहारीनं सैल करायची, दोघांनी ओढायची, मजुरांकडे द्यायची. फक्त धाप, आणि पहारीचा आवाज. शेवटची गोण मोरीच्या पार आत होती. दोघंही ओणवे होऊन डोकी आत घालून ओढत होते. नोंदीसाठी मला फोटो घ्यायचा होता. चौकटीत दोन पाठी दिसत होत्या, दोन्ही चिखलानं एकसारख्या माखलेल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये पाहिलं आणि हळूच विचारलं, "यातल्या भोईर कुठल्या?"

"दोघंही, सर."

गोण निघाली. भरती लागायला सुरुवात झाली होती. आधी मोरीतून नुसती काळी ओल झिरपली, मग हाताएवढी धार, मग एकदम पाणी. ताईंच्या पोटऱ्यांपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. त्या तशाच उभ्या. हिरामणदादांनी बाहेर येऊन हात खाली दिला. त्यांनी तो धरला आणि वर आल्या. हात लगेच सुटले.

त्या जागी आज तिवर परत येताहेत. सगळे नाही, मेलेले मेले. खटला अजून चालू आहे, तारखेला भाऊबहीण दोघंही येतात असं ऐकते. मी पुढे परीक्षा दिली, याच कामात राहिले. ताई अधूनमधून फोन करतात, रोपवाटिकेत काय लावलं ते सांगतात. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी.

पंचनाम्यावर दोघा भावंडांनी सह्या केल्या, म्हातारीनं अंगठा. मग ती माणसं बांधावरून गावाकडे निघाली. पुढे हिरामणदादा, पहार खांद्यावर. मागे म्हातारी, छत्रीच्या आधारानं. तिच्या मागे दहा-बारा पावलांवर ताई, ओली साडी पायांना चिकटत होती म्हणून सावकाश. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बांध जिथे वळतो तिथे हिरामणदादा थांबले. मागे वळून पाहिलं नाही, नुसते थांबले. म्हातारी पोचली, तीही थांबली. ताई पोचेपर्यंत दोघं तशीच उभी होती, खाडीकडे तोंड करून. मग तिघं एकदम चालायला लागली.

कॅमेरा माझ्या हातात सुरू होता. मी तो बंद केला.